समान म्हणजे काय, आणि ते कुणी ठरवायचं?

पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसला दोन आयत द्या : एक ४ बाय ३ चा, दुसरा ६ बाय २ चा. ते समान आहेत का, असं बरोबरच्या चिन्हाने विचारलं तर उत्तर येतं, हो. ही चूक नाही. आयतांसाठीच्या 'बॉक्स' या डेटाप्रकारात ते चिन्ह फक्त क्षेत्रफळ पाहतं. आयत तंतोतंत तोच आहे का हे विचारायला वेगळं चिन्ह आहे.

मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये बर्कलीत हा प्रकल्प हाती घेतला, तेव्हापासून वापरणाऱ्याला स्वतःचे डेटाप्रकार आणि ऑपरेटर, म्हणजे अशी चिन्हं, घडवण्याची मुभा आहे. समानतेचा जुना तात्त्विक प्रश्न त्यामुळे प्रोग्रामरच्या पदरात पडला.

तत्त्वज्ञ लायब्निट्झच्या मते ज्यांचे सगळे गुणधर्म एक, त्या दोन वस्तू नव्हेतच, एकच वस्तू. व्यवहारात ही कसोटी फार कडक ठरते. अद्वैत वेदान्तातलं देवदत्ताचं उदाहरण इथे अधिक उपयोगी आहे : पूर्वी पाहिलेला आणि आज समोर उभा असलेला देवदत्त एकच, असं म्हणताना तेव्हाचे आणि आत्ताचे स्थळकाळ बाजूला ठेवावे लागतात. म्हणजे प्रत्येक समानतेत काहीतरी सोडलेलं असतं. काय सोडायचं, हाच खरा निर्णय.

कऱ्हाडचंच बघा. त्यातला 'ऱ' युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येतो, किंवा 'र' आणि नुक्ता असे दोन संकेत जोडूनही. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण नेहमीच्या तुलनेत डेटाबेसला ही दोन वेगळी गावं वाटतात. २०१९ च्या बाराव्या आवृत्तीपासून त्यांना एक मानणारा तुलनानियम निवडता येतो. तो निवडतो मात्र माणूस.

ऑपरेटर घडवणारा काही ग्वाही देतो : बाजू उलटल्या तरी उत्तर तेच राहील, समान ठरलेल्या मूल्यांचा हॅश, म्हणजे मूल्यावरून काढलेला सांकेतिक आकडा, हाही समान येईल. डेटाबेस या ग्वाहीची शहानिशा करत नाही, तिच्यावर विसंबून उत्तर शोधायची वाट निवडतो. ग्वाही खोटी असेल तर जुळायला हव्या त्या नोंदी निमूट गळतात.

म्हणून घडवलेला ऑपरेटर बदलणाऱ्या 'ऑल्टर ऑपरेटर' या आज्ञेचा हात आखडता आहे. ऑपरेटरचा मालक, स्कीमा (तो ज्या कप्प्यात राहतो तो), किती नोंदी जुळतील याचा अंदाज बांधणारी फंक्शनं बदलता येतात. मूळ तुलना करणारं फंक्शन नाही. २०२४ च्या सतराव्या आवृत्तीने राहून गेलेली ग्वाही मागाहून द्यायची सोय केली, पण दिलेली परत घेता येत नाही. ती नको असेल तर ऑपरेटरच काढून टाकायचा आणि नव्याने घडवायचा. हा कडकपणा रास्त आहे, कारण त्या शब्दावर इतरांनी आपले हिशेब बांधलेले असतात.

तरी एक दार उघडंच राहतं. ऑपरेटर न बदलता त्याच्यामागच्या फंक्शनचा मजकूर बदलता येतो. नाव तेच, चिन्ह तेच, अर्थ निराळा. आधी बांधलेला इंडेक्स, म्हणजे झटपट शोधासाठीची सूची, मात्र जुन्याच अर्थाने लावलेला असतो, आणि तो पुन्हा बांधेपर्यंत एकाच प्रश्नाला इंडेक्समधून एक आणि सगळा तक्ता वाचून दुसरंच उत्तर मिळू शकतं.