सांध्याची निगा

मिटणाऱ्या चाकूची कीर्ती त्याच्या धारेने होते. सांध्याची दखल कोणी घेत नाही. पाते निसण्यावर घासणाऱ्याला श्रमाचे फळ तत्काळ दिसते व ते चारचौघांना दाखवताही येते. याउलट, ज्या खिळीभोवती ते पाते फिरते तिच्यापाशी साचलेला मळ काढून तेलाचा थेंब सोडणाऱ्याजवळ दाखवण्यासारखे काहीच नसते. चाकू उघडतो आणि मिटतो. तो कालही उघडतच होता. वस्तूंची निगा ही निव्वळ व्यवहाराची बाब आहे की तिला नैतिक अंगही आहे, हा प्रश्न म्हणूनच धारेपेक्षा सांध्यापाशी अधिक नेमका विचारता येतो.

फ्रान्सच्या आल्प्स पर्वतभागातील साव्वा प्रदेशात जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये घडवलेला चाकू उदाहरणादाखल घेता येईल. खाच पाडलेली लाकडी मूठ, पोलादी पाते आणि दोहोंना जोडणारी खीळ, एवढाच त्याचा संसार. पाते अडवून धरणारे फिरते कडे १९५५ मध्ये आले. मुठीचे लाकूड पाणी पिऊन फुगते व पात्याला आवळते. मग मुठीचे टोक कठीण जागी ठोकून पाते बाहेर काढण्याची युक्ती तेथील लोकांनी रूढ केली. प्लॅस्टिकच्या मुठीचा स्विस चाकू कोमट पाण्यात धरून वारंवार उघडमीट केली की सांध्यातील मळ सुटतो. नंतर तो पुरता वाळवून खिळीला तेल द्यायचे. हाच उपचार लाकडी मुठीच्या चाकूवर केल्यास तो अपकार ठरेल. तेलाचेही तसेच. जवसाचे तेल लाकडाला मानवते, परंतु हवेने ते घट्ट होत जाते व खीळ चिकटवते. तेथे पातळ खनिज तेल हवे, आणि चाकूने फळे चिरायची असतील तर पोटात गेल्यास बाधणार नाही असे. तेही थेंबभरच. अधिक तेल धूळ धरून ठेवते, आणि तेलात कालवलेली धूळ धातूला झिजवू लागते.

तात्पर्य, वस्तूविषयीचा जिव्हाळा निगेला पुरत नाही. तिला त्या वस्तूच्या स्वभावाचे ज्ञान लागते. खंडेनवमीला शस्त्रे आणि अवजारे पुसून त्यांना फूल वाहण्याच्या प्रथेत कृतज्ञता निश्चितच आहे. पण फुलाला कोणतेही अवजार सारखेच, तेलाला तसे नाही. च्वांग्त्झूच्या ग्रंथातील खाटीक एकच सुरी एकोणीस वर्षे वापरतो, कारण पाते हाडांवर न आपटता सांध्यांतील पोकळीतून फिरवण्याची विद्या त्याला साधलेली असते. त्या कथेवर लिहिणारे बहुधा या कौशल्यातच रमतात. काम संपल्यावर तो सुरी पुसून ठेवतो, हे एक वाक्य तसेच मागे राहून जाते.

आता मूळ प्रश्न. कांटच्या मते निर्जीव वस्तूंविषयी माणसाचे थेट कर्तव्य संभवत नाही. निसर्गातील सुंदर गोष्टींचा उगाच विध्वंस करण्याची वृत्ती वाईट ती माणसाच्या स्वतःविषयीच्या कर्तव्याला बाधक म्हणून, असे त्याने १७९७ च्या ग्रंथात मांडले. हे उत्तर तर्कशुद्ध आहे, पण त्यात सारा हिशेब पुन्हा कर्त्याच्याच चारित्र्यापाशी येऊन थांबतो. सांधा मात्र दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवतो. चाकू ही मागून घेतली जाणारी वस्तू आहे. जाम झालेल्या खिळीची खोड मालकाच्या अंगवळणी पडलेली असते; कोठे दाबायचे, बोट कोठे ठेवायचे नाही, हे त्याला न बघता कळते. प्रवासात आंबा कापण्यासाठी तोच चाकू शेजारच्याने मागितला, तर त्याच्या हाताला यातले काहीच ठाऊक नसते. तो जोर लावतो आणि पाते एकाएकी सुटते. ज्या बोटाला तेव्हा इजा होते, त्या बोटाचे त्या चाकूशी पूर्वी काहीही नाते नव्हते.