पान्यावरचा आकडा आणि ओले इंधन

डिझेल इंजिनात इंधन ठिणगीने पेटत नाही. हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या-अठराव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाऊन तापते आणि त्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. त्यामुळे सिलिंडरच्या वरचे झाकण, म्हणजे हेड, उचलले जाण्याचा धोका प्रत्येक ज्वलनासरशी निर्माण होतो. 100 मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये दाब 150 बारपर्यंत चढला, तर हेडला वर ढकलणारे बळ सुमारे 12 टन भरते. या बळाला तोंड देतात ते बोल्ट किंवा स्टड (ब्लॉकमध्ये कायम बसवलेला, वरून नट आवळला जाणारा आटेदार दांडा). आवळलेला बोल्ट किंचित लांबतो, मूळ लांबीकडे परतू पाहतो आणि त्या ओढीने हेड, सिलिंडरांचा ब्लॉक आणि या दोहोंमधला सांधा बंद ठेवणारे गॅस्केट यांना एकत्र दाबून धरतो. गॅस्केट फुटू नये यासाठी हवा असतो तो हा ताण; टॉर्क पाना मात्र दाखवतो तो टॉर्क, म्हणजे दांड्यावर लावलेले बळ आणि त्याचे बोल्टच्या मध्यापासूनचे अंतर यांचा गुणाकार. ताण डोळ्यांना दिसत नाही, पान्यालाही नाही. आकड्यावरून त्याचे अनुमान करावे लागते, आणि म्हणून ही साधी यांत्रिक क्रिया न्यायदर्शनाच्या एका जुन्या प्रश्नात जाऊन पोहोचते.

न्यायमतानुसार अनुमानात सिद्ध करावयाचे ते साध्य, ज्याच्या आधारे सिद्ध करावयाचे तो हेतू, आणि या दोहोंचे अव्यभिचारी साहचर्य म्हणजे व्याप्ती. धूर असेल तेथे अग्नी असतो, ही व्याप्ती निर्दोष मानली जाते; अग्नी असेल तेथे धूर असतो, ही नाही, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो. अग्नीपासून धूर निघतो तो इंधन ओले असते तेव्हाच, आणि साहचर्यामागे दडलेल्या अशा अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. 'टॉर्क इतका, म्हणून ताण इतका' हे अनुमान या दुसऱ्या प्रकारचे, सोपाधिक आहे, आणि येथे ओल्या इंधनाची जागा घर्षणाने घेतली आहे.

ही उपाधी किरकोळ नाही. लावलेल्या टॉर्कपैकी ढोबळमानाने निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात आणि चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात खर्च होतो. ताण निर्माण करण्यासाठी उरतो तो दहावा हिस्सा. 12 मिलिमीटरच्या बोल्टवर 100 न्यूटन-मीटर टॉर्क दिला, तर कोरड्या आट्यांवर रूढ सूत्राने सुमारे 42 किलोन्यूटन ताण येतो आणि तेल लावलेल्या आट्यांवर तोच ताण 55 किलोन्यूटनच्या पुढे जातो. पान्यावरचा आकडा दोन्ही वेळा एकच असतो. म्हणूनच कारागिराचे पूर्वतयारीचे काम, म्हणजे आट्यांतली काजळी व गंज काढणे, सांगितलेलेच तेल सांगितलेल्याच ठिकाणी लावणे, बुडाशी बंद असलेल्या छिद्रात तेल साचू न देणे (साचले तर बोल्टखाली कोंडून ते ब्लॉकला तडा पाडू शकते), हे स्वच्छतेचे सोपस्कार नसून उपाधी स्थिर करण्याची साधना आहे. ते टाळून केवळ पाना काटेकोरपणे ओढणारा माणूस हेतूविषयी दक्ष आणि व्याप्तीविषयी बेफिकीर ठरतो. मधल्या बोल्टपासून कडेकडे जाणारा क्रम आणि दोन-तीन टप्प्यांत आवळण्याची रीतही याच कारणाची आहे, कारण एक बोल्ट आवळला की गॅस्केट दबते आणि शेजारच्या बोल्टचा ताण सैल पडतो.

हेतूच बदलण्याचा मार्गही अभियंत्यांनी काढला आहे. थोडा टॉर्क देऊन पृष्ठभाग टेकले, की पुढे बोल्ट ठरावीक अंशांत फिरवायचा. आट्यांचे अंतर 1.75 मिलिमीटर असेल तर 90 अंशांत तो सुमारे 0.44 मिलिमीटर पुढे सरकतो, आणि ही भूमिती घर्षणावर अवलंबून नसते. काही बोल्ट तर धातू कायमचा ताणला जाऊ लागेल इथपर्यंत नेतात, कारण त्या अवस्थेत कोन थोडा चुकला तरी ताण जवळजवळ तोच राहतो. निश्चितीची ही किंमत बोल्टच चुकवतो. असे बोल्ट बहुधा पुन्हा वापरता येत नाहीत.

उपाधी राहून गेली असेल, ही शंका मग कोठे थांबावी? दहाव्या शतकाच्या सुमारास उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत उत्तर दिले की शंकेची मर्यादा व्याघात, म्हणजे स्वतःच्याच कृतीशी येणारा विरोध, ही आहे. उदाहरणार्थ, धुरासाठी जो निःशंकपणे अग्नी पेटवतो, त्याने अग्नी हे धुराचे कारण नसेल असे म्हणू नये. बाराव्या शतकात श्रीहर्षाने खंडनखंडखाद्यात हे उलटवले. व्याघात दाखवायचा तर शंका आधीच मान्य करावी लागते, मग तिला व्याघात थांबवणार कसा? पुढे गंगेशाने तत्त्वचिंतामणीत उदयनांची बाजू सावरली आणि माणसाची कृतीच त्याच्या शंकेला प्रतिबंध करते असे मांडले.

हेड बसवणाऱ्याची कृती या वादात कोणाच्याच बाजूने सरळ उभी राहत नाही. टॉर्कमुळे ताण येतो याविषयी त्याला शंका नसते, तेथे उदयन आणि गंगेश बरोबर आहेत. परंतु याच बोल्टच्या याच आट्यांत ताण पुरेसा आला का, ही त्याची शंका कृती करूनही मावळत नाही, आणि ती वृथा नसते. व्याप्तीविषयीची सार्वत्रिक शंका आणि पक्षाविषयीची, म्हणजे समोरच्या विशिष्ट वस्तूविषयीची शंका यांत भेद करावा लागतो, आणि व्याघाताचा युक्तिवाद दुसरीला स्पर्श करत नाही. अनेक जुन्या इंजिनांत गॅस्केट दबून बसल्यावर, म्हणजे इंजिन काही काळ चालवून, हेड पुन्हा आवळण्याची सूचना असते. तेथे ही शंका दूर न सारता तिला कामाच्या क्रमातच जागा दिलेली आहे. उलट पोलादी थरांचे गॅस्केट आणि कोनाने आवळायचे बोल्ट असलेल्या अनेक नव्या इंजिनांत निर्माता पुन्हा आवळू नका असे बजावतो, आणि ते ऐकणारा कारागीर त्या क्षणी अनुमान सोडून शब्दप्रमाणावर, म्हणजे विश्वसनीय माणसाच्या वचनावर, विसंबलेला असतो.