मुंगी : लहान जीव, मोठा बोध

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने यदुराजास आपल्या चोवीस गुरूंची कथा सांगितली आहे. संत एकनाथ महाराजांनी या स्कंधावरील आपली टीका शके १४९५ (इ.स. १५७३) मध्ये काशी येथे पूर्ण केली आणि ही कथा मराठी घराघरांत पोहोचली. पृथ्वी, वायू, अजगर, मधमाशी, कोळी असे गुरू त्या मालिकेत आहेत. मुंगी मात्र नाही. तथापि अवधूताच्याच दृष्टीने पाहिल्यास, पायाखालून जाणारा हा इवलासा जीवही गुरुस्थानी शोभेल असाच आहे.

इंद्राचा गर्व

ब्रह्मवैवर्त पुराणात एक कथा आहे. वृत्रासुराच्या वधानंतर इंद्राने विश्वकर्म्याकडून भव्य प्रासाद बांधून घेण्यास आरंभ केला. कितीही बांधले तरी त्याचे समाधान होईना. तेव्हा भगवान विष्णू बालब्राह्मणाच्या रूपाने तेथे आले. बोलता बोलता जमिनीवरून मुंग्यांची रांग जाताना दिसली आणि बालक हसू लागला. इंद्राने कारण विचारले. बालक म्हणाला, या रांगेतील प्रत्येक मुंगी पूर्वी कधीतरी इंद्रपदावर बसलेली होती. हे ऐकून इंद्राचा गर्व गळाला आणि विश्वकर्म्याची सुटका झाली.

पद मोठे असले म्हणून ते टिकतेच असे नाही, हा या कथेचा भाव होय. जगद्गुरू तुकाराम महाराजांनीही देवाकडे लहानपण मागताना मुंगीचाच दाखला दिला आहे.

संचय कोणासाठी?

अवधूताने मधमाशीकडून एक इशारा घेतला. ती साठा करते, आणि त्या साठ्यापायीच तिचा नाश होतो. मग मुंगीच्या साठ्याचे काय? तीही दाणा दाणा जमवितेच. बारामती-इंदापूरच्या जिरायती शिवारात बाजरी-ज्वारीच्या खळ्यापासून वारुळापर्यंत दाणे वाहणाऱ्या मुंग्या सर्वांनी पाहिल्या आहेत. दाण्याचे टरफल काढून त्या बाहेर टाकतात, दाणा आत कोठारात ठेवतात आणि तो ओला झाल्यास पुन्हा उन्हात आणून वाळवितात.

भेद संचयाच्या हेतूत आहे. मुंगीच्या उदरात दोन कप्पे असतात. एकातील अन्न ती स्वतः पचविते. दुसऱ्यातील अन्न वारुळासाठी राखलेले असते. वाटेत भुकेली मुंगी भेटली की ती मुखाला मुख लावून त्यातील घास तिला देते. अन्न शोधणारी एक आणि जेवणाऱ्या अनेक, असा हा व्यवहार आहे.

या परिसराला हा बोध विशेष लागू पडतो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर येथे ऊस डोलतो. त्याच तालुक्यांतील जिरायती गावांना मात्र अनेक उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागली आहे. १९७२ च्या दुष्काळात मिलो ज्वारी आणि सुकडी यांवर दिवस काढलेली पिढी अद्याप हयात आहे. विहिरीत पाणी आणि कणगीत धान्य असणे हा दोष नव्हे. शेजारी तहानलेला असताना झाकण घट्ट लावणे, हा दोष होय.

रांग आणि वाट

अन्न सापडलेली मुंगी परतताना भूमीवर सूक्ष्म गंधाची रेषा उमटविते. मागून येणारी प्रत्येक मुंगी त्याच रेषेत आपली भर घालते. चालणाऱ्या थांबल्या की गंध उडून जातो व वाट पुसली जाते. वारीचेही असेच आहे. तुकाराम महाराजांचा पालखी सोहळा बारामतीहून निघून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी व इंदापूर मार्गे सराटीस नीरातीरी पोहोचतो. ही वाट संतांनी घालून दिली. परंतु ती जिवंत ठेवली आहे ती वर्षानुवर्षे चालणाऱ्या सामान्य वारकऱ्यांच्या पावलांनी.

मुंग्यांमध्ये राणी असते, पण ती कोणासही आज्ञा देत नाही. अंडी घालणे एवढेच तिचे कार्य. कामकरी मुंग्या सर्व मादी असतात. कोवळ्या मुंग्या आत राहून पिलांची जोपासना करतात आणि धोक्याचे बाहेरचे काम वयाने मोठ्या झालेल्या मुंग्या करतात. ज्येष्ठांनी पुढे होऊन कष्ट झेलावेत, हा वडीलधारेपणाचा केवढा थोर आदर्श!

मात्र मुंगीचे सर्वच अनुकरणीय नाही. अमेरिका खंडातील सैनिकी मुंग्या कधी कधी मूळ वाट चुकतात व पुढच्या मुंगीमागे गोल फिरत राहून थकून मरतात. बेलवाडीचे गोल रिंगणही वर्तुळच असते. परंतु त्याच्या मध्यभागी संतांच्या पादुका विराजमान असतात. मध्यभागी देव नसेल, विवेक नसेल, तर केवळ पुढच्यामागे धावणे हे भक्तीचे लक्षण नव्हे.

पंख गळणे

मुंगीला पंख फुटले की तिचे मरण जवळ आले, असे म्हणतात. पहिल्या पावसानंतर पंखवाल्या मुंग्या उडतात. त्यांतील नर मीलनानंतर अल्पकाळातच मरतात. राणी मात्र भूमीवर उतरते, स्वतःचे पंख स्वतःच गाळून टाकते आणि मातीत शिरून नवे वारूळ वसविते. उंची मिळाल्यावर ती सोडून मातीकडे वळणे ज्यास जमते, त्याच्याच हातून संसार उभा राहतो आणि संस्थाही उभी राहते.

भाविकांसाठी

शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये केलेल्या अंदाजानुसार पृथ्वीवर दर माणसामागे सुमारे २५ लाख मुंग्या आहेत. सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीच्या अवशेषांतही मुंग्या आढळतात. मनुष्य हा या घरात फार उशिरा आलेला पाहुणा आहे, याचे स्मरण असावे.

मुंग्यांना साखर-पीठ घालण्याची जुनी रीत पुण्यप्रद आहे. ती अवश्य पाळावी. परंतु मुंगीचा खरा सत्कार आचरणाने होतो. दर्शनाच्या रांगेत वृद्ध, गरोदर भगिनी व अपंग यांना पुढे जाऊ द्यावे. महाप्रसाद हवा तेवढाच घ्यावा व ताटात अन्न टाकू नये. घरी परतल्यावर आपल्या विहिरीतील व कणगीतील एक वाटा गरजू शेजाऱ्यासाठी राखावा. एवढे घडले तर यात्रा सफल झाली असे समजावे.

सर्व भाविकांना अशी सद्बुद्धी लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥