खडसावण्याचा अधिकार

माझे वडील टाळकरी होते. कराडजवळच्या आमच्या गावात सप्ताह बसला की ते कीर्तनात बुवांच्या मागे उभे राहायचे आणि घरी जेवता जेवता बुवांचा हिशेब मांडायचे. आवाज आणि पाठांतर यांवर ते फारसं बोलत नसत. बुवांनी लोकांना किती झोडपलं आणि त्या झोडपण्यात स्वतःला कुठे धरलं, तेवढं बघत. "सगळा गाव पापी आणि बुवा एकटे कोरडे, हे कसलं कीर्तन," असं म्हणायचे. हा दंडक त्यांनी तुकोबांकडून घेतला होता. दंभावर तुकोबांइतकं कडक कोण बोललं आहे? आणि स्वतःचे दोष इतक्या उघडपणे कोणी सांगितले आहेत?

देवाच्या नावाने दुसऱ्याला खडसावण्याचा अधिकार माणसाला कुठून मिळतो, हा प्रश्न गावातच राहील असं मला वाटलं होतं. तो न्यू जर्सीत पुन्हा समोर आला, लॉरिन हिल या रॅपर बाईच्या गाण्यांतून.

मी तेव्हा न्यूअर्कच्या एका सरकारी शाळेत गणित शिकवत होते. २५ ऑगस्ट १९९८ ला 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल' हा अल्बम आला, आणि सप्टेंबरात वर्ग भरले तेव्हा मुलींना तो तोंडपाठ होता. लॉरिन इथलीच. साउथ ऑरेंजला वाढलेली, शेजारच्या मेपलवुडच्या कोलंबिया हायस्कुलात शिकलेली. फ्यूजीज या त्रिकुटातून ती पुढे आली, त्यांचा १९९६ चा 'द स्कोर' जगभर गाजला होता. आता ती एकटी गात होती, रॅप करत होती, आणि वय होतं २३.

अल्बमची सुरुवात शाळेच्या घंटेने होते. मास्तर हजेरी घेतात, लॉरिन हिल हे नाव पुकारतात, आणि उत्तर येत नाही. मास्तरांचा आवाज रास बराका यांचा आहे. कवी आणि शिक्षक असलेले हे गृहस्थ २०१४ मध्ये न्यूअर्कचे महापौर झाले. गाण्यांच्या मधे मधे ते मुलांना विचारत राहतात, प्रेम म्हणजे काय. नावात कार्टर वुडसन यांच्या १९३३ च्या पुस्तकाची आठवण आहे; कृष्णवर्णीयांना मिळणारं शिक्षण त्यांना स्वतःलाच कमी लेखायला शिकवतं, असं वुडसन यांचं म्हणणं होतं. शिक्षिका म्हणून ते हजेरीचं दृश्य मला फार लागलं. जी पुढे तासभर सगळ्यांना शिकवणार आहे, ती स्वतः वर्गात गैरहजर.

'डू वॉप' या गाण्यात ती आधी मुलींना आणि मग पोरांना फैलावर घेते. स्वतःला स्वस्त करणाऱ्या मुली, मोठेपणा मिरवणारी पोरं, कोणी सुटत नाही. मात्र मीही या चिखलातून आले आहे, हे ती जाता जाता सांगून टाकते. माझ्या वर्गातल्या मुली आईकडून एक शब्द ऐकून घेत नसत. हे बोलणं मात्र मान डोलावून ऐकायच्या, आणि त्याचं कारण मला त्या एका कबुलीत दिसायचं. 'टू झायन' मध्ये तर खडसावणं नाहीच. १९९७ मध्ये तिला पहिला मुलगा झाला. आत्ता मूल नको, कामाकडे बघ, असं सांगणाऱ्यांचं न ऐकता आपण मूल कसं निवडलं, ते ती गाते, आणि मागे कार्लोस सांताना यांची गिटार वाजते. देवाने दिलेलं लेकरू असं ती म्हणते तेव्हा ते मला निखळ खरं वाटतं, कारण त्यात कोणाला धडा शिकवायचा नाही.

'फर्गिव्ह देम फादर' मात्र मला खटकत आलं आहे. क्रुसावरून येशूने मारेकऱ्यांसाठी मागितलेली क्षमा इथे ती आपल्याशी दगाफटका करणाऱ्यांसाठी मागते. क्षमेची भाषा आहे, पण क्रुसावरची जागा तिने स्वतःकडे घेतली आहे. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात, अल्बमवर काम केलेल्या चौघा संगीतकारांनी गाण्यांच्या श्रेयासाठी तिच्यावर दावा लावला. फेब्रुवारी १९९९ मध्ये तिला पाच ग्रॅमी मिळाले. वर्षातला सर्वोत्तम अल्बम हा मान हिपहॉपला पहिल्यांदाच मिळाला, आणि व्यासपीठावर तिने बायबलमधलं स्तोत्र वाचलं. दावा २००१ मध्ये कोर्टाबाहेर मिटला. कोणाचं किती खरं होतं हे ठरवायला मी बसलेली नाही. पण ज्या हातांनी साथ केली त्यांचं नाव घेणं हा आमच्या गावात कीर्तनाचाच भाग मानला जाई. वडिलांनी इथे ताट बाजूला सारलं असतं.

जुलै २००१ मध्ये न्यूयॉर्कला एमटीव्हीच्या स्टुडिओत ती थोड्या लोकांसमोर बसली. साथीला कोणी नाही, हातात एक गिटार, आवाज बसलेला. पुढच्या वर्षी हे रेकॉर्डिंग दोन सीडींवर आलं तेव्हा पुष्कळ समीक्षक वैतागले. नवी गाणी कच्ची होती आणि गाण्यांच्या मधे ती खूप बोलत होती: देवाबद्दल, आणि लोकांपुढे ठेवलेल्या आपल्याच खोट्या रूपाबद्दल, ज्याची आपण कैदी झालो होतो. मनःशांती शोधण्याचं एक लांबलचक गाणं म्हणता म्हणता ती रडते. बाई कोलमडली, असं लोक म्हणाले. माझ्या शाळेत एक वयस्क सहशिक्षिका होत्या, बॅप्टिस्ट चर्चच्या गायकवृंदात गाणाऱ्या. त्या म्हणाल्या, ही टेस्टिमनी आहे. त्यांच्या चर्चमध्ये माणूस उभा राहतो आणि आपण कुठे घसरलो, देवाने कुठे हात दिला, ते सगळ्यांसमोर सांगतो. आवाज फाटला तरी त्याला कोणी खाली बसवत नाही.

मला ते पटलं. जिच्याकडून जगाला दुसरा 'मिसएज्युकेशन' हवा होता, तिने तो मान बाजूला ठेवला आणि दंभावर बोलायला स्वतःपासून सुरुवात केली. 'मिस्टरी ऑफ इनिक्विटी' हे त्यातलं रॅप मी अजूनही तिच्या सगळ्या कामात वर ठेवते. नाव बायबलमधलं, पौलाच्या पत्रातलं. वकील, न्यायाधीश, कोर्टाची सगळी भाषा ती गिटारीच्या दोन-चार सुरांवर एका श्वासात म्हणून जाते, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात कोण उभं आहे हे शेवटपर्यंत एका ठिकाणी ठरत नाही.

इथपर्यंत वडिलांची कसोटी मला पुरली. डिसेंबर २००३ मध्ये ती तोकडी पडली. व्हॅटिकनच्या नाताळच्या मैफलीत लॉरिनला गायला बोलावलं होतं. समोर कार्डिनल बसले होते, पोप नव्हते. गाण्याआधी तिने लिहून आणलेलं निवेदन वाचलं. पाद्र्यांनी ज्या लहान मुलांवर अत्याचार केले त्यांच्याबद्दल पश्चात्ताप करा, असं तिने त्या सभागृहातल्या मानकऱ्यांना तोंडावर सांगितलं. बॉस्टनचे आर्चबिशप कार्डिनल लॉ यांना याच प्रकरणी पद सोडून जेमतेम वर्ष झालं होतं. टीकाकारांना तिच्या बोलण्यात पाहुणीचा उद्धटपणा दिसला.

त्या निवेदनात तिची स्वतःची कबुली नव्हती. मग तिला अधिकार होता का? माझं उत्तर होय असं आहे, आणि त्यासाठी मला बायबलमधल्या आमोसकडे जावं लागतं. बेथेल हे इस्राएलच्या राजाचं देवस्थान. तिथे आमोस हा गुराखी जाऊन गरिबांच्या लुबाडणुकीबद्दल बोलला, तेव्हा पुजारी अमस्या त्याला म्हणाला, दुसरीकडे जा, इथे बोलू नकोस. आमोसने आपली ओळख सांगितली ती एवढीच: मी कोणी संदेष्टा नाही, गुरं राखतो, उंबराची झाडं बघतो. बायबलमधलाच दुसरा संदेष्टा यशया आपले ओठ अशुद्ध असल्याचं आधी कबूल करतो. आमोस तसं काही करत नाही, आणि त्याचं बोलणं तसूभर कमी खरं ठरत नाही. लोकांनी कसं जगावं हे सांगणाऱ्याने स्वतःला त्यात धरलंच पाहिजे. पण नाडलेल्यांची बाजू घेऊन सत्तेला जाब विचारणाऱ्याचं चारित्र्य तपासत बसणं म्हणजे अमस्याचं काम करणं. २०१३ मध्ये लॉरिनने कर न भरल्याबद्दल तीन महिने डॅनबरीच्या तुरुंगात काढले. त्याने त्या मुलांवरचा अन्याय कमी होत नाही.

आपल्याकडे यजमानाला असा जाब विचारणं पंडिता रमाबाईंनी फार आधी जगून दाखवलं. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि ज्या सिस्टरांनी आसरा दिला त्यांच्याशीच चर्चच्या अधिकारावरून पत्रांतून वाद घातला. इतक्या कष्टाने मायदेशातल्या पुरोहितांचं जोखड उतरवलं ते दुसरं मानेवर घ्यायला नव्हे, असा त्यांचा सूर होता. त्यांनाही कृतघ्न समजणारे होतेच. यजमानाचं मीठ आणि सद्सद्विवेक यांत त्यांनी काय निवडलं हे त्यांच्या मुक्तीमिशनचं केडगाव बघितलेल्या माणसाला सांगायला नको.

लॉरिनचा दुसरा स्टुडिओ अल्बम आलेला नाही. माझी मुलगी म्हणते, मग त्या एका अल्बमवरच थांबावं, गिटारवाल्या रेकॉर्डिंगचा हट्ट कशाला. तिला मी सांगते तेच इथे सांगते. ते जरूर ऐका. पण फोनवर ऐकताना मधलं बोलणं ओलांडून पुढच्या गाण्यावर उडी मारायची सोय असते, ती वापरू नका. गाणी कच्ची वाटली तर एखादं सोडा, बोलणं सोडू नका.