पाणपोई मोडण्याचा अधिकार

कोरेगांव भीमा हें माझें आजोळ. पुण्याहून नगरकडे जाणारा रस्ता पेरण्याच्या हद्दींतील विजयस्तंभाजवळून निघून भीमेचा पूल ओलांडतो आणि या गांवांत शिरतो. १ जानेवारी १८१८ च्या लढाईची आठवण म्हणून उभ्या असलेल्या त्या स्तंभाला मानवंदना देण्यासाठीं प्रतिवर्षीं त्या तारखेस लाखों लोक येतात, आणि त्यांच्यासाठीं शेकडों बसगाड्या धांवतात. मनुष्याला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं पोंचविणें हें समाजाचें कर्तव्य आहे, हें त्या दिवशीं कोणाला पटवून द्यावें लागत नाहीं. २ जानेवारीपासून मात्र तोच प्रश्न वादाचा होतो.

ज्या वादाच्या निमित्तानें हें लिहीत आहें तो २०२२ सालचा. त्याच्या आदल्या वर्षीं, ऑक्टोबरच्या अखेरीस, राज्य परिवहनाच्या कामगारांचा संप सुरू झाला आणि तो कित्येक महिने चालला. २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर रुजू व्हावें, असें मुंबई उच्च न्यायालयानें सांगितल्यावर तो मिटला. या अवधींत पुणें व पिंपरी-चिंचवड या शहरांच्या परिवहन महामंडळानें, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘पीएमपी’नें, आपल्या गाड्या शहराच्या हद्दीपलीकडे ग्रामीण भागांत धाडल्या. संप संपल्यावर अशा मार्गांवर एस. टी.नें पुन्हां आपलें काम हातीं घ्यावें आणि पीएमपीनें मागें सरावें, असें ठरलें. २६ नोव्हेंबर २०२२ पासून पहिल्या टप्प्यांत ११ मार्ग बंद करण्यांत आले. वाघोली ते राहू-पारगांव हा त्यांपैकीं एक. चाकण ते शिक्रापूर फाटा हा दुसरा. वाघोली कोरेगांवच्या पश्चिमेस, शिक्रापूर पूर्वेस. पहिला मार्ग दौंड तालुक्यांतील खेड्यांना शहराशीं जोडी, दुसरा चाकणच्या कारखान्यांना शिरूर तालुक्याशीं. कोरेगांवांतून जाणारा हमरस्ता पूर्वीसारखाच गजबजलेला राहिला. हमरस्त्यापासून दूर राहणाऱ्यांचा मात्र दोर तुटला.

त्या वर्षीं माझ्या वर्गांत राहूच्या पुढील एका खेड्यांतील मुलगी होती. तिच्या वडिलांनीं तिला महाविद्यालयांत घातलें तें एका अटीवर: घराजवळून गाडी निघाली पाहिजे आणि अंधार पडण्यापूर्वीं त्याच गाडीनें मुलगी परत आली पाहिजे. अट जाचक होती असें कोणी म्हणेल. परंतु ती पाळणारी गाडी होती, म्हणून मुलगी शिकत होती. नोव्हेंबरच्या अखेरीस गाडी थांबली. कांहीं दिवस ती कधीं चुलत्याच्या मोटारसायकलवर, कधीं वडापच्या जीपमधून येऊं लागली. वडाप भरल्याशिवाय सुटत नाहीं, आणि संध्याकाळीं तें केव्हां भरेल याचा नेम नसतो. जानेवारींत ती येईनाशी झाली. हजेरीपटावर तिच्या नांवापुढें मीं नियमाप्रमाणें गैरहजेरी मांडली. पुढील वर्षीं तिनें बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून नांव नोंदविलें, असें तिच्या एका मैत्रिणीकडून कळलें. यांत आकांत करण्यासारखें कांहीं नाहीं. कोणी मेलें नाहीं, कोणाचें घर बुडालें नाहीं. परंतु तिच्या आयुष्यांतील कांहीं निर्णय एका वेळापत्रकाच्या भरवंशावर घेतले गेले होते, आणि तें वेळापत्रक करणारांना तिचें अस्तित्वहि ठाऊक नव्हतें. त्यांचें तिच्याशीं कांहीं नातें होतें काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रथम दुसऱ्या बाजूचें म्हणणें नीट ऐकिलें पाहिजे, कारण तें हलकें नाहीं. पीएमपी ही दोन महानगरपालिकांची संस्था; तिची तूट भरून निघते ती त्या शहरांतील करदात्यांच्या पैशानें. शहरांतीलच थांब्यांवर लोक ताटकळत असतां दूरच्या खेड्यांकडे तोट्यांत गाड्या कां धाडाव्या, असें शहरवासीयानें विचारलें तर त्याला कृपण म्हणतां येणार नाहीं. शिवाय या संस्थेनें त्या खेड्यांना कधीं वचन दिलें नव्हतें. उलट एस. टी.चेंहि खरेंच होतें. ग्रामीण मार्ग हें तिचें क्षेत्र; तेथें दुसऱ्याची गाडी चालली तर तिचें उत्पन्न घटणार. म्हणजे एकाचा जाण्याचा हिशेब बरोबर, दुसऱ्याचा हक्काचा हिशेबहि बरोबर. आणि दोन्ही बरोबर हिशेबांची बेरीज अशी कीं, राहूच्या फाट्यावर दप्तर घेऊन उभी असलेली मुलगी कोणाच्याच वहींत नाहीं.

आमच्याकडे उन्हाळ्यांत रस्त्याच्या कडेला पाणपोई घालण्याची रीत आहे. समजा, एखाद्या सज्जनानें चैत्रांत निर्जल वाटेवर पाणपोई घातली. ती घालण्याचें त्याच्यावर बंधन नव्हतें. पहिले कांहीं दिवस वाटसरू आपापलें पाणी बरोबर घेऊन येतात. पाणपोईचें पाणी म्हणजे त्यांना वरकड सुख. पुढें वाटेवर पाणी मिळतें ही बातमी पसरते आणि लोक घरून तांब्या घेऊन निघण्याचें सोडतात. म्हातारीं माणसें, जीं पूर्वीं त्या वाटेला जात नसत, तींहि जाऊं लागतात. अशा वेळीं ऐन वैशाखांत त्या सज्जनानें एके सकाळीं रांजण उचलून नेले, तर ‘मीं दिलें होतें, मींच नेलें’ एवढें म्हणून त्याची सुटका होते काय? माझ्या मतें होत नाहीं. पाणपोई नव्हती तेव्हां वाटसरूजवळ तांब्या होता. ती मोडली तेव्हां तो नाहीं. पूर्वस्थिति परत आली असें वरून दिसतें, पण ती परत आलेली नसते. देणारानें दिलें तें पाणी. घेणारानें त्याच्या मोबदल्यांत टाकून दिली ती आपली तजवीज. हा दुसरा व्यवहार कोणत्याच जमाखर्चांत दिसत नाहीं, म्हणून तो झालाच नाहीं असें आपण समजतों.

यावर एक आक्षेप निघेल, आणि तो मलाहि बरेच दिवस निरुत्तर करीत असे. देण्यापासूनच बंधन उत्पन्न होत असेल तर शहाणा मनुष्य देण्याच्या भानगडींत पडणारच नाहीं. फ्रेंच ग्रंथकार रूसो यानें आपल्या अखेरच्या पुस्तकांत, एकाकी भटकणाराच्या चिंतनांत, असाच एक प्रसंग सांगितला आहे. हें पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १७८२ मध्यें प्रसिद्ध झालें. पॅरिसच्या एका वेशीजवळ कुबड्या घेतलेला एक लंगडा मुलगा भीक मागे. आरंभीं त्याला पैसा देतांना, त्याची बडबड ऐकतांना रूसोला आनंद वाटे. पुढें त्या आनंदाची संवय झाली, संवयीचें कर्तव्य झालें, आणि एके दिवशीं त्याला असें आढळून आलें कीं, आपले पाय आपल्या नकळत त्या जागेला वळसा घालून जाऊं लागले आहेत. उपकार करणारा आणि घेणारा यांच्यांत एक प्रकारचा करार होतो, आणि पहिला उपकार पुढच्या उपकारांची आशा उत्पन्न करितो, हें तो स्वतःच मान्य करितो. त्याला तो करार पेलवत नाहीं, एवढेंच. रूसोच्या प्रांजलपणाबद्दल मला नेहमीं आदर वाटतो, त्याच्या वागणुकीबद्दल क्वचितच.

परंतु आक्षेप येथें चुकतो असें मला आतां वाटतें. देणारानें जन्मभर देत राहावें असें कोणी म्हणत नाहीं. बंधन आहे तें देत राहण्याचें नव्हे, सोडून जाण्याच्या रीतीचें. पाणपोईवाल्यानें पाऊस पडेपर्यंत थांबावें; थांबवत नसेल तर शेजारच्या गांवीं जाऊन रांजण उचलणारा कोणी पाहावा, आणि त्याचे रांजण भरल्याचें डोळ्यांनीं पाहून मग आपले उचलावे. ‘यापुढें पाणी पाजण्याचें काम अमक्याचें आहे’ असा फलक लावून निघून जाणें ही सोडून जाण्याची रीत नव्हे. फलक वाचून तहान भागत नाहीं.

एस. टी.च्या बाबतींत तर हें बंधन याहूनहि जुनें आणि पक्कें आहे, आणि तें नेमकें याच रस्त्यावर जन्मलें. १ जून १९४८ रोजीं राज्य परिवहनाची पहिली गाडी अहमदनगरहून (त्या शहराचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे) पुण्यास आली, ती शिरूर, कोरेगांव, लोणीकंद असा हाच मार्ग कापीत. लक्ष्मण केवटे हे तिचे वाहक होते. तत्पूर्वीं या रस्त्यावर मोटारी नव्हत्या असें नाहीं. खासगी मोटारी होत्या. आजोबा सांगत कीं, त्या भरल्या म्हणजे सुटत, भाडें माणूस पाहून सांगत, आणि पावसांत फसल्या तर उतारूंनींच ढकलाव्या लागत. त्यांच्या मालकांचा नव्या गाडीवर इतका रोष होता कीं, तिला पोलिसांच्या बंदोबस्तांत आणावें लागलें, असें सांगतात. सरकारनें त्या मालकांना हळूहळू दूर केलें तें योग्यच केलें, असें माझें मत आहे. पण दूर करतांना सरकारनें खेडुताला कांहीं तरी सांगितलें होतें. तो भरवशाचा नसलेला, मुजोर, पण हाताशीं असलेला मोटारवाला तूं सोड. वेळेवर येणारी गाडी आम्ही देऊं. ‘हें क्षेत्र माझें’ असें जो म्हणतो त्यानें, येथें दुसरा कोणी येणार नाहीं याची जोखीम आपल्या शिरावर घेतलेली असते. क्षेत्र माझें, पण गाडी सवडीनें, हें वाक्य व्याकरणानें शुद्ध असेल. नीतीनें तें शुद्ध नाहीं. आज राहूच्या वाटेवर वडाप धांवतें तेव्हां आजोबांच्या वर्णनांतील तीच मोटार मला परत आलेली दिसते. भरली म्हणजे सुटते.

इंग्लंडांत १९८५ च्या कायद्यानें लंडनबाहेरील बसवाहतूक खुल्या स्पर्धेस सोडण्यांत आली, आणि १९८६ च्या ऑक्टोबरपासून कोणत्याहि कंपनीला ४२ दिवसांची सूचना देऊन आपला मार्ग बंद करण्याची मोकळीक मिळाली. कायद्याची कल्पना अशी असावी कीं, पुरेशा दिवसांची सूचना दिली म्हणजे जाणाराचें कर्तव्य संपलें. सूचना देणें न देण्यापेक्षां बरें, यांत शंका नाहीं. पण सूचनेचा उपयोग कोणाला होतो? ज्याच्याजवळ मोटारसायकल आहे त्याला ४२ दिवस लागत नाहींत. ज्याच्याजवळ नाहीं त्याला ते पुरत नाहींत. तेथेंहि जे मार्ग कंपन्यांना परवडत नाहींत त्यांतील आवश्यक मार्गांसाठीं स्थानिक सत्तेनें पैसा देऊन गाडी चालवावी, अशी तरतूद त्याच कायद्यांत ठेवावी लागली. म्हणजे सूचनेनें काम भागत नाहीं हें कायदा करणारांनाहि कळत होतें. आपल्याकडील शहरवासी करदात्यालाहि मी येथें एक गोष्ट सांगेन. राहूच्या बाजूचें दूध, भाजी आणि मजूर हीं शहरांत येतात तेव्हां आपण हद्द विचारीत नाहीं. ती आठवते गाडी परत पाठविण्याच्या वेळीं.

हें सारें लिहितांना माझा स्वर एखाद्या निष्कलंक न्यायाधीशाचा झाला असेल, तर तो मला शोभत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं मी माझ्या घरीं आठवड्यांतून तीन संध्याकाळीं इंग्रजीचा वर्ग घेत असें. मूल्य घेत नसें. सणसवाडी, शिक्रापूरकडील कारखान्यांत काम करणाऱ्या कुटुंबांतील दहाबारा मुलें येत. एके वर्षीं डिसेंबरांत मला त्याचा कंटाळा आला. प्रकृतीचें निमित्त सांगितलें. प्रकृति फारशी वाईट नव्हती. मुलांनीं नमस्कार केला आणि गेलीं. पुढें त्यांतला एक मुलगा इंग्रजींत नापास झाला. त्याच्या वडिलांनीं जूनमध्यें खासगी शिकवणीची फी भरण्याची तयारी केली होती, आणि ‘सर शिकवितात, पैसे कशाला घालवायचे’ असें म्हणून त्यानेंच त्यांना थांबविलें होतें, हें मला फार उशिरां समजलें. डिसेंबरांत त्याला दुसरीकडे कोणी घेतलें नाहीं. आतां तो सणसवाडीच्या एका कारखान्यांत आहे आणि रस्त्यांत भेटला तर वांकून नमस्कार करितो. त्यानें तक्रार केली नाहीं. तक्रार करण्याचा आपल्याला अधिकार आहे असें त्याला वाटलेंच नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर, गाड्या बंद झाल्याच्या बातमीनें मला संताप येईपर्यंत मलाहि तसें वाटलें नव्हतें. राहूकडच्या त्या मुलीच्या नांवापुढें गैरहजेरीची खूण करतांना मीं ज्या सहजतेनें लेखणी चालविली, तीच सहजता मार्ग बंद करण्याच्या कागदावर सही करणाराच्या हातांत असली पाहिजे. तो कागद लिहिणारा दुष्ट असेल असें मला वाटत नाहीं. त्याला तांब्या दिसला नाहीं. मलाहि दिसला नव्हता.

गेल्या जूनपासून तो वर्ग मीं पुन्हां सुरू केला आहे. पहिल्या दिवशीं सात मुलें आलीं. हा वर्ग मार्चअखेरपर्यंत चालेल, तोंपर्यंत मी आजारी पडलों तर माझा एक तरुण सहकारी तो घेईल, आणि त्यानंतरचें मी आज सांगूं शकत नाहीं, असें मीं त्यांना सांगितलें व सहकाऱ्याचा दूरध्वनि क्रमांक फळ्यावर लिहिला. मुलांना या प्रस्तावनेचें थोडें नवल वाटलें असावें. मग वेळ ठरविण्याचा प्रश्न निघाला. मीं संध्याकाळीं सात म्हटलें. मागच्या बाकावरील एक मुलगी म्हणाली, “सर, आमच्याकडे साडेसहानंतर कांहीं मिळत नाहीं.” वर्ग आतां रविवारीं सकाळीं भरतो.