सत्काराने ऋण फिटते काय?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या शिरवण्यात सत्कारांचा हंगाम सुरू होतो. गावठाणातल्या आगरी मंडळींचा एक समारंभ, वसाहतीतल्या सोसायट्यांचा दुसरा, आपल्या विहारात तिसरा. आणि नगरपालिका-महानगरपालिकांचे समारंभ तर सबंध महाराष्ट्रात चाललेलेच असतात. शाल, श्रीफळ, गुलाबाचे फूल आणि मानचिन्ह. एकाच व्यासपीठावर नव्वद टक्के मिळवलेली मुले बसतात आणि त्यांच्या शेजारी पालिकेचे 'उत्कृष्ट कर्मचारी': कोणी अग्निशामक दलाचा जवान, कोणी परिचारिका, कोणी सफाई कामगार. मी पडलो शाळामास्तर. नावांच्या याद्या करून देणे दरवर्षी माझ्याच वाट्याला येते. त्यामुळे एक प्रश्न मला टाळता येत नाही. सत्कार केल्याने करणाऱ्याचे ऋण फिटते, की वाढते?

प्रश्न विचित्र वाटेल. सत्कार ही आनंदाची गोष्ट, तिथे ऋणाची भाषा कशाला, असे कोणी म्हणेल. पण जरा विचार करा. जो माणूस वीस वर्षे पहाटे उठून तुमची-माझी गल्ली झाडतो त्याचे शहर काही देणे लागते. शाल पांघरून, टाळ्या वाजवून ते देणे चुकते झाले असे शहराला वाटू लागले, तर तो सत्कार नव्हे. ती सही घेतलेली पावती होय.

धम्माची याविषयी काय शिकवण आहे ते आधी पाहू. मंगलसुत्त आपल्यापैकी पुष्कळांना तोंडपाठ आहे. पूजनीयांची पूजा करणे हे तथागतांनी त्यात उत्तम मंगलांमध्ये गणले आहे. म्हणजे सत्कार मुळातच वाईट, असे म्हणण्याला जागा नाही. पण संयुत्त निकायात 'लाभसक्कार' या विषयावरची सुत्ते एकत्र केलेला एक वेगळा विभाग आहे. सक्कार म्हणजे आपला सत्कारच. तिथे लाभ, मान आणि प्रशंसा यांना आमिष लावलेल्या गळाची उपमा दिली आहे. मासा आमिष पाहतो, त्यातला काटा त्याला दिसत नाही. खाडीकाठच्या गावात हा दृष्टान्त समजावून सांगण्याची गरज नाही.

मग एकीकडे मंगल आणि दुसरीकडे गळ, हे कसे? माझ्या अल्पबुद्धीला जे उमगले ते असे. मंगलसुत्त सत्कार करणाऱ्याला सांगते की, योग्य माणूस ओळख आणि त्याच्यापुढे नम्र हो. लाभसक्काराची सुत्ते सत्कार घेणाऱ्याला सांगतात की, सावध राहा. आपल्याकडच्या समारंभांत नेमके उलटे घडते. नम्र व्हायचे ते घेणाऱ्याने. हार, भाषण आणि छायाचित्राची मधली जागा मात्र देणाऱ्याला! सफाई कामगार व्यासपीठाच्या कडेला अवघडून उभा राहतो, मिनिटभरात त्याला खाली उतरवले जाते आणि प्रमुख पाहुणे पाऊण तास बोलतात. सत्कार झाला तो कोणाचा?

विनयपिटकातली उपालीची कथा इथे आठवावी. शाक्य कुळातले भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, भगु, किंबिल आणि देवदत्त प्रव्रज्या घ्यायला निघाले. त्यांच्याबरोबर त्यांचा न्हावी उपालीही होता. शाक्यांनीच तथागतांना विनंती केली की आधी उपालीला दीक्षा द्यावी, म्हणजे त्याला वंदन करणे आम्हाला भाग पडेल आणि आमचा कुळाचा अभिमान उतरेल. संघात ज्येष्ठता दीक्षेच्या काळावरून ठरते, कुळावरून नव्हे. तेव्हा काल ज्याने त्यांचे केस कापले त्याच्यापुढे राजपुत्र वाकले. ना शाल, ना श्रीफळ. उपालीला मिळाली ती रांगेतली पुढची जागा, आणि ती एका दिवसापुरती नव्हती. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाविषयीचे प्रश्न विचारले गेले ते याच उपालीला.

त्याच तुकडीतला देवदत्त पाहा. अजातशत्रूने त्याच्यासाठी रोज शिजवलेल्या अन्नाची पाचशे भांडी पाठवावीत, रथ घेऊन त्याच्या भेटीला यावे. एवढा सत्कार त्या काळी क्वचितच कोणाला लाभला असेल. तथागत म्हणाले की, केळ जशी फळ धरून मरते तसा हा सत्कार देवदत्ताचा घात करणार. आणि तसेच झाले. एकाला जबाबदारी मिळाली, दुसऱ्याला थाळ्या मिळाल्या. सत्कार तपासायचा तर हाच फरक मनाशी धरावा असे मला वाटते.

आता आपल्या घरातला सत्कार पाहू, कारण तो आपल्या साऱ्या इतिहासाच्या मुळाशी आहे. बाबासाहेब विद्यार्थी असताना त्यांच्या अभिनंदनाची सभा भरली होती. चरित्रकार ती १९०७ साली, मॅट्रिकच्या परीक्षेनंतर झाल्याचे लिहितात आणि अध्यक्ष म्हणून सीताराम केशव बोले यांचे नाव देतात. स्वतः बाबासाहेबांनी १९५६ साली 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत इंग्रजी चौथीच्या परीक्षेचा उल्लेख केला आहे आणि अध्यक्ष दादा केळुसकर होते असे म्हटले आहे. हा तपशिलातला फरक अभ्यासक पाहतील. मला महत्त्वाचे वाटते ते त्या प्रस्तावनेत सांगितलेले घरातले भांडण.

सभा भरवावी म्हणून समाजाची मंडळी रामजी सुभेदारांकडे परवानगी मागायला गेली. सुभेदारांनी साफ नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल, त्याने परीक्षा पास होण्यापलीकडे केले आहे काय, असे त्यांचे म्हणणे. मंडळी हिरमुसली, पण हटली नाही. त्यांनी केळुसकर गुरुजींना मध्ये घातले, थोडा वाद झाला आणि अखेर वडील राजी झाले.

वाचकहो, यात चूक कोण? माझ्या मते कोणीच नाही. सुभेदार लाभसक्काराचे बोलत होते. मुलाच्या घशात गळ अडकू नये ही बापाची काळजी. आणि ती मंडळी मंगलसुत्ताचे बोलत होती. बाबासाहेब स्वतःच लिहितात की इतर समाजांतील शिक्षणाच्या मानाने हा काही सोहळा करण्याचा प्रसंग नव्हता, पण आपल्यातला पहिलाच मुलगा इथवर पोचला याचे लोकांना अप्रूप होते. ज्यांना शतकानुशतके कोणी 'या, बसा' म्हटले नाही त्यांनी आपल्या एका पोराला खुर्चीवर बसवून डोळे भरून पाहावे, यात हिणवण्यासारखे काय आहे? आजही आपल्या वस्तीत अशी घरे आहेत की जिथे मुलीचे प्रशस्तिपत्रक बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी टांगलेले असते. सत्कार म्हणजे निव्वळ ढोंग असे म्हणणारे आपले काही सुशिक्षित मित्र त्या भिंतीकडे कधी नीट पाहत नाहीत, एवढेच मी म्हणेन.

पण त्या सभेचे मोठेपण पुढेच आहे. केळुसकरांनी भाषण करून हात झाडले नाहीत. आपण १८९८ साली लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांनी त्या मुलाच्या हाती ठेवले. पुढे महाविद्यालयाचा खर्च झेपेना तेव्हा याच केळुसकरांनी सयाजीराव महाराजांपर्यंत त्याची वाट करून दिली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. सभा संपली तेव्हा केळुसकरांचे काम संपले नाही; उलट तिथून त्यांच्यावर एक जबाबदारी आली आणि ती त्यांनी आपणहून उचलली. याला मी ऋण वाढवणारा सत्कार म्हणतो. त्या पुस्तकाचे पुढे काय झाले ते या पाक्षिकाच्या वाचकांना मी सांगायला नको.

याच बडोद्याची दुसरी बाजूही विसरू नये. परदेशातल्या पदव्या घेऊन १९१७ साली बाबासाहेब तिथे नोकरीला गेले तेव्हा शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फायली फेकीत आणि राहायला त्यांना खोली मिळेना. महाराजांनी दिलेला मान खरा होता, पण तो शहराने आपला मानला नव्हता.

नगरपालिकांचे तर विचारूच नका. १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. काय उदारपणा! तीन वर्षे तो ठराव दप्तरात सुखाने पडून राहिला. २० मार्च १९२७ रोजी माणसे खरोखरच तळ्यावर जाऊन पाणी प्याली, तेव्हा त्यांची डोकी फुटली आणि त्याच नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी तो ठराव रद्द केला. ठरावाने दिलेला मान फुकट होता तोवर कोणाला अडचण नव्हती. तो वापरायला लोक आले आणि त्याची किंमत मोजायची वेळ आली, तसा तो परत घेतला गेला.

आणि याच्या उलट एक माणूस नगरपालिकेतच बसला होता. महात्मा फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते. गव्हर्नर जनरलच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला तेव्हा जोतिबांनी एकट्याने विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावा, असे त्यांचे सांगणे होते. सत्काराला त्यांचा विरोध नव्हता. त्यांचा स्वतःचा सत्कार १८५२ साली विश्रामबाग वाड्यात सरकारने केला होता आणि तो त्यांनी स्वीकारला होता. पैसा कोणाचा आणि मान कोणाला, एवढेच ते विचारीत होते.

आता आजच्याकडे येतो. आमच्या नवी मुंबईने २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात देशात तिसरा क्रमांक मिळवला, २०२२ मध्येही मिळवला. शिरवण्यात राहणाऱ्या कोणालाही याचा अभिमान वाटावा. पण शहरे असा मान मिळवतात तो कोणाच्या हातांनी? पहाटे झाडू आणि ढकलगाडी घेऊन निघालेल्या, कित्येकदा कंत्राटदाराच्या हजेरीपटावरच्या स्त्री-पुरुषांच्या हातांनी. सगळीकडच्या समारंभांतून हल्ली त्यांना 'स्वच्छतादूत' म्हणतात. हा शब्द ऐकला की मला बाबासाहेबांच्या १९४५ च्या ग्रंथातले गांधीवादावरचे प्रकरण आठवते. भंगीकाम हे उदात्त काम आहे असे भंग्यालाच सांगणे आणि तेच त्याने आपणहून करीत राहावे म्हणून त्याचा अहंकार गोंजारणे, ही त्यांनी क्रूर थट्टा मानली. काम थोर असेल तर ते इतरांनीही करावे. आणि ते करणाऱ्याच्या मुलाला सोडायचे असेल तर त्याला सोडता यावे. हे दोन्ही ज्या स्तुतीत नाही ती स्तुती म्हणजे दोरखंड आहे.

ही केवळ शब्दांची ओढाताण नाही. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. तरी माणसे गटारांत गुदमरून मरतच राहिली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृताच्या वारसांना १० लाख रुपये द्यावेत असे सांगितले आणि २०२३ च्या ऑक्टोबरात ती रक्कम ३० लाखांवर नेली. ज्या वर्षी एखाद्या शहरात अशी दुर्घटना होते त्याही वर्षी तिथे 'उत्कृष्ट कर्मचारी' निवडले जात असतील. त्यांना मानचिन्हाऐवजी यंत्र, हातमोजे आणि कायम नोकरीचे पत्र हवे होते की नाही, हे त्यांना कोणी विचारले असेल काय?

मुलांच्या यादीचेही तसेच. यादी मागणारे मला सांगतात, 'सर, नव्वदच्या वरचे द्या.' माझ्या वर्गातला एक मुलगा वडील अंथरुणाला खिळल्यावर रात्री तुर्भ्याच्या बाजारात पोती उचलायचा आणि सकाळी शाळेत पहिल्या बाकावर जांभया देत बसायचा. त्याला ५८ टक्के मिळाले. ते कोणत्या यादीत बसतात? नव्वद टक्केवाल्यांचा मला हेवा नाही. त्यांनीही कष्ट केले आहेत. पण आपण गुण मोजतो तेव्हा अंतर मोजत नाही, कुठून निघून कुठवर आला ते पाहत नाही. १९०७ च्या त्या सभेत मंडळींनी अंतरच मोजले होते. नाहीतर इतर समाजांत दरवर्षी कितीतरी मुले मॅट्रिक होत होती.

म्हणून यंदा आमच्या वस्तीतल्या विहाराच्या कमिटीपुढे मी काही सूचना ठेवल्या. यादीत टक्क्यांबरोबर घरातला पहिलाच शिकणारा आहे काय, हेही लिहावे. मानचिन्हांचा खर्च काढून टाकून प्रत्येकाला एक पुस्तक द्यावे, आणि ते देणाऱ्याने स्वतः वाचलेले असावे. प्रत्येक मुलामागे वस्तीतला एक नोकरदार माणूस नेमावा. प्रवेशाचा अर्ज, दाखले, शिष्यवृत्तीची खिडकी, जिथे जिथे हेलपाटे पडतील तिथे तो वर्षभर बरोबर जाईल. आणि अध्यक्षस्थानी निवृत्त सफाई कामगार असलेल्या आमच्या वस्तीतल्या एका मावशींना बसवावे. मुलांनी आणि पाहुण्यांनी आधी त्यांना वंदन करावे.

पहिल्या तिन्ही सूचना फारशा खळखळीवाचून मान्य झाल्या. चौथीवर मात्र चर्चा अडली. एक गृहस्थ म्हणाले, 'मास्तर, असे केले तर मोठे पाहुणे यायचे नाहीत.' मावशी मागे दाराशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, 'मला भाषण येत नाही बाबा, पण पोरांना काय विचारायचं ते मला ठाऊक आहे.' काय विचारणार, असे कोणी विचारले नाही. बैठक येत्या रविवारी पुन्हा आहे.