शनिवारी थांबलेला घाणा

आज घाई नको. पाठ टेकून बसा, श्वास आपल्या चालीने येऊ-जाऊ द्या. मग अलिबागच्या उत्तरेचा नवगावचा किनारा डोळ्यांपुढे आणा. ओहोटीने उघडी पडलेली वाळू, मागे माडांच्या वाड्या. बेने इस्रायल या यहुदी समाजाची परंपरा सांगते की, फार जुन्या काळी इथे एक जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांना इथेच मूठमाती दिली.

त्या चौदाजणांजवळ काय उरलं असेल, यावर जरा रेंगाळा. ग्रंथ समुद्रात गेले. पुढे बोली मराठी झाली. अंगावर लुगडं, डोक्यावर पदर आला. उरली ती ‘शेमा इस्रायल’ ही प्रार्थना, मुलग्याची आठव्या दिवशीची सुंता, खाण्यापिण्याचे थोडे नेम, आणि शनिवार.

आता या समाजाच्या तेलाच्या घाण्यापाशी या. मधोमध उखळ, त्यात फिरणारी लाट, बैलाच्या डोळ्यांवर झापड. तीळ चिरडल्याचा वास. आठवड्यातले सहा दिवस ही करकर चालू. शुक्रवारी सूर्य कलला की जू उतरतं, लाट थांबते, बैलाला वैरण पडते. शनिवारी गिऱ्हाईक आलं तरी घाणा हलत नाही. म्हणून शेजाऱ्यांनी या लोकांना नाव दिलं, शनिवार तेली.

इथे थोडं थांबा. त्या बैलाकडे पाहा. तोरा या यहुदी धर्मग्रंथातल्या दहा आज्ञांपैकी विश्रांतीच्या आज्ञेत माणसांबरोबर गुराढोरांचाही उल्लेख आहे. ज्यांच्या हाती ग्रंथ नव्हता, त्यांच्या गोठ्यात ती आज्ञा पाळली जात होती. मला वाटतं, श्रद्धा टिकते ती पुष्कळदा अशीच, काय करायचं नाही हे पक्कं ठाऊक असल्याने.

त्यांचा दुसरा नकार तर अस्सल कोकणी माणसाला ऐकवणार नाही. पंख आणि खवले असलेलाच मासा खायचा. म्हणजे बांगडा चालेल, पापलेट चालेल. पण कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या नाहीत. समुद्राला चिकटून पिढ्यान्‌पिढ्या राहायचं आणि कुर्लीचा रस्सा चाखायचा नाही! उपवास याहून सोपा. सांगतात की, पुढे दाविद राहबी नावाचा धर्मशिक्षक आला तेव्हा त्याने बायकांपुढे सगळ्या जातींचे मासे ठेवले. त्यांनी नेमके वर्ज्य मासे बाजूला काढले, तेव्हा हे यहुदीच, अशी त्याला ओळख पटली.

आता बाकीचं सगळं त्यांनी किती मोकळ्या हाताने घेतलं, ते बघा. मांस आणि दूध एकत्र करायचं नाही, मग रश्शात नारळाचं दूध घातलं. द्राक्षाचा मद्यरस नाही, तर मनुका भिजवून, कुस्करून त्यांचं सरबत गाळलं आणि त्यावर शुक्रवारचा आशीर्वाद म्हटला. सणांनाही मराठी नावं मिळाली: वर्षारंभाचा नव्याचा सण, दारं लावून बसण्याचा सण, खिरीचा सण. एका उपासाला तर बिरड्याचा रोजा म्हणू लागले. जेरुसलेमच्या मंदिराचा विध्वंस आठवायचा तो दिवस, आणि त्याच्या नावात वालाचं बिरडं!

मलिद्याचं ताट जवळून न्याहाळा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर काजू-बदाम, भोवती केळी, खजूर, हंगामातली फळं. नवस फेडायला, लग्नाला, नव्या घरात हे ताट मांडलं जातं आणि एलियाहू हन्नाबीचं स्मरण होतं. या प्रेषिताच्या रथाच्या खुणा अलिबागजवळच्या खंडाळ्यातल्या खडकावर (हा घाटातला खंडाळा नव्हे) उमटल्या आहेत, अशी समाजाची श्रद्धा. दूर देशातला प्रेषितही शेवटी रायगड जिल्ह्यात उतरला.

घेताना काही नको तेही आलं. जात आली. समाजात गोरे आणि काळे इस्रायल असा भेद झाला, त्यांच्यात सोयरीक होत नसे. शेजाऱ्यांनी छळलं नाही हे खरं, त्याचा अभिमान आपण बाळगतोही. पण जागा दिली ती उतरंडीतली एक पायरी, एवढंही मनाशी कबूल करावं.

आडनावं गावांची झाली. किहीमचे किहीमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर. दिवेकरांतल्या सामाजी हसाजींनी, म्हणजे सॅम्युएल एझिकेल यांनी, 1796 साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (यहुदी प्रार्थनास्थळ) उभारलं. लोक त्याला मशीदच म्हणत. 1874 साली पुण्यात वल्हांडण या यहुदी सणाची पोथी मराठी अर्थासह छापली गेली. तिच्या चित्रात लुगडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताहेत. मला त्या चित्रात सारा इतिहास दिसतो.

मग 1948 साली इस्रायल झालं, आणि पुढच्या दशकांत बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. आता हा भाग शांतपणे मनात येऊ द्या, कारण तो जड आहे. ज्या भूमीकडे तोंड करून शेकडो वर्षं प्रार्थना केली, तिथल्या धर्मपीठाने यांच्या विवाहसंबंधांबद्दल शंका काढली. तुमचे पूर्वज खरे यहुदी का, याची चौकशी सुरू झाली. कोकणात हे कुणी विचारलं नव्हतं. इथे शनिवारचा बंद घाणा पुरेसा होता. लोक रस्त्यावर आले, धरणं धरलं, आणि 1964 साली त्यांना पूर्ण यहुदी म्हणून मान्यता मिळाली. दिमोना, अश्दोद, लोदमधल्या घरांत मराठी बोलली जात राहिली. तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघालं. जिथून निघाले ते कोकण आणि जिथे पोचले ती पितृभूमी, यांतली दत्तक कोणती? उत्तर शोधू नका, प्रश्न थोडा वेळ तसाच राहू द्या.

महाराष्ट्र सरकारने 2016 साली यहुदींना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. इथे उरलेत काही हजारच.

अलिबागला गेलात की समुद्रावरून परतताना इस्रायल आळीत जरूर वळा. तिथे ‘मागेन अबोथ’ हे सिनेगॉग आहे. आत शिरताना डोकं झाका, सांभाळणाऱ्याला विचारून मगच फोटो काढा. आणि जायचं ते शनिवार सोडून.